पायधूळ

नॉर्थलंडच्या जुन्या जंगलाच्या तोंडाशी
एक छोटी शेड आहे.
आत लोखंडी जाळी, तिच्याखाली फवारा,
दोन्ही बाजूंना ताठ केसांचे ब्रश.
मेरेआना सकाळी सातला कुलूप काढते
आणि येईल त्याला सांगते :
बूट झाडा. तळवे दाखवा. पुन्हा झाडा.

आपण पाहुण्याला म्हणतो,
या कधीतरी, पायधूळ झाडा आमच्याकडे.
इथे झाडच म्हणतं तेच,
फक्त दाराबाहेर झाडा म्हणतं.

मातीत काहीतरी आहे, ती समजावते,
डोळ्यांना न दिसणारं. चिमूटभर चिखल पुरतो.
मुळातून शिरतं, बुंध्यातून डिंक गाळतं,
आणि हजार वर्षांचं काउरी
शेंड्याकडून विरळ होत जातं.

सायकलवाल्यांचा एक पोरगा विचारतो,
मग रानडुकरं? त्यांचे पाय कोण धुतं?
डुकरं ऐकत नाहीत, ती म्हणते.
तू ऐकशील, म्हणून तुला सांगते.

मार्चमधल्या एका मंगळवारी पिरिपी आला.
तिचा बाप. वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे कुरकुरणारे.
ही वाट त्याने बांधली होती :
तीनशे बारा पायऱ्या, चार साकव,
खिळे ओठांत धरून, पाठीवर फळ्या वाहून.
त्याच्या आज्याने याच मातीत लांब सळ्या खुपसून
डिंकाचे खडे हुडकले होते,
पोत्याच्या भावाने विकले होते.
ते घराणं कधी झाडाकडे
हात हलवत गेलं नव्हतं.

बूट जुने. शिवणीत चिखल.
मेरेआनाने घासले. पुन्हा घासले.
चाकूच्या टोकाने शिवण कोरली.
तो बाकावर मोज्यांनिशी बसून राहिला,
लेकीच्या मांडीवर आपले बूट बघत.
निघत नाहीये, पापा.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
वर कुठेतरी कबुतराचे जड पंख वाजले.
मग म्हणाला,
निघत नाही, तर मला तरी आत कशाला सोडतेस?
आणि मोज्यांवरच गाडीपर्यंत चालत गेला.

हिवाळ्यात राहुई लागली.
राहुई म्हणजे बंदी, पण कागदावरची नव्हे;
आजाऱ्याच्या खोलीबाहेर
आपोआप आवाज खाली येतो, तशी.
पहाटे अंधारात प्रार्थना म्हटली गेली,
उजाडल्यावर पहारी निघाल्या.
बापाने ठोकलेले खिळे लेकीने उपटले.
दोन बादल्या भरल्या गंजाने.

वाट लावणे म्हणजे आपल्याकडे वाटोळं करणे.
इथे बापाने वाट लावली बांधून,
लेकीने लावली उखडून,
आणि वाटोळं कुणाचं झालं नाही.
निदान अजून तरी.

नेचे आले. नेच्यांवर नेचे आले.
पायऱ्या होत्या तिथे उतार परतला.
तिथलं मोठं काउरी कसं आहे, कुणाला माहीत नाही;
कुणाला माहीत नसणं
हेच सध्या त्याचं औषध.

पिरिपी आता अंथरुणावरच असतो.
संध्याकाळचा चहा झाला की
डोळे मिटतो आणि निघतो.
बूट लागत नाहीत.
एकशे चाळीस, तो मोजतो, एकशे एकेचाळीस,
इथे जरा दम खाऊ.
मेरेआना खुर्ची पलंगाजवळ ओढते,
त्याच्या वेगाने श्वास घेते.

तिसरा साकव आला, तो म्हणतो.
उजवीकडची फळी हलते. पाय जपून टाक.

ती फळी तिने जुलैत स्वतः काढली,
खिळ्यांसकट गाडीत टाकली.

खुर्चीतल्या खुर्चीत ती पाय उचलते,
आणि जपून
पलीकडे ठेवते.