एक ओढ, मग ऐक

तबकडीच्या आत एक यंत्र आहे
आणि ते कुठेच नाही.
ना मोटर, ना दात्यांचं चाक.
नुसत्या आज्ञा, साठेक. वहीत उतरवल्या मी :
बेरीज कर, उडी मार, ताडून बघ, थांब.

प्लेअरच्या पोटात गेलं की जागं होतं, विचारतं,
तू कोण? कुठल्या कारखान्याचा? कागद दाखव.
कागद खोटे निघाले तर भांडत नाही.
मैफल चालू ठेवतं,
फक्त गाणाऱ्या बाईच्या गालावर
हिरवे चौकोन उगवू देतं.
म्हणजे चित्र मुळात मोडूनच विकलंय,
आणि सांधायचा तक्ता
या नसलेल्या यंत्राच्या खिशात.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला, बाईच्या मागे,
दादांनी बांधलेला तंबोरा आहे म्हणतात.
कंपनी बुडाली.
प्लेअर खालाकडे, सांगलीत गावभागात होता,
तो पुरात गेला.

मग मी खोटा प्लेअर लिहायला घेतला.
तो पहिल्याच प्रश्नाला पकडला गेला,
पुढे सतराव्याला, मग चारशेव्याला.
यंत्र घड्याळही बघायचं,
उत्तर बरोबर, पण फार लवकर दिलंस, म्हणून गप्प व्हायचं.

खाली अब्बा घोडीवर कानस फिरवत होते.
जवारी डोळ्यांना दिसत नाही.
एक ओढ, मग ऐक, म्हणाले,
दोन ओढी एकदम मारल्यास
तर कोणत्या ओढीनं बिघडलं, कोण सांगणार?

चार महिने एकेक आकडा बदलला
आणि ऐकलं.
आम्ही शिकलगार. तलवारी घासायचो,
मग सतारी.
हे काय घासतेय, ते अब्बांना नीट सांगता आलं नाही.

मिरज जंक्शनवर कुठली तरी गाडी उशिरा असल्याचं
भोंगा सांगत होता, तेव्हा
तक्ता बाहेर पडला.
नऊ हजारांवर ठिगळं, आणि प्रत्येक आपल्या जागी.
बाईचा गाल परत आला.

अब्बांना वर बोलावलं.
एक्केचाळिसावं मिनिट.
तंबोरा चौकटीच्या कडेला, अर्धा, धूसर,
भोपळ्यावरची पानं तेवढी दादांची.
मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

त्यांनी डोळेच मिटले होते.
परत लाव, म्हणाले. परत.
मग उठले, गुडघ्यावर हात टेकून :
जवारी बसलीय गं त्याची.
पत्ता मिळतोय का बघ त्या लोकांचा.
पाठवून द्या म्हणावं,
घासून देतो.