तक्ता क्रमांक चार

रबाळ्याच्या एमआयडीसीत
खालच्या गाळ्यात पुठ्ठ्याचे खोके बनतात,
वर आम्ही धायटीच्या फुलांतून
अँटिऑक्सिडंट काढतो.
‘काढतो’ चिटणीस मॅडमना खटकतं.
म्हणतात, दात काढतात, कर्ज काढतात,
आपण निष्कर्षण करतो.
अहवालात मी तसंच लिहितो.
बोलताना काढतोच.

फुलं येऊरची.
बायजी वरठा उपवनच्या थांब्यावर पिशवी देते,
किलोला ऐंशी, मोड नसली तर शंभर.
एकदा विचारलं, तुमच्यात कशी घेतात ही,
उकळून की भिजवून?
तक्त्यात एक रकाना मोकळा ठेवला होता तिच्यासाठी.
ती म्हणाली, पोरं मध चोखतात नि फेकतात.
गुडघ्याला मला वर्तकनगरची गोळी लागते.

रकाना तसाच राहिला.

पहिली रीत काढ्याची:
एकास आठ पाणी, पाव उरेपर्यंत आच.
घाईची रीत. जे काढायचं
तेच थोडं उकळीत मरतं.
रंग मात्र झोकात,
लग्नघरच्या चहासारखा.

दुसरी सॉक्स्लेटची.
तिला लागते लांब मानेची काच, मिथेनॉल,
आणि वरच्या नळीतून अखंड गार पाणी.
वाफ चढते, निवते, फुलांवर ठिबकते,
काच काठाशी येते, जराशी थांबते,
आणि गटकन सगळं खाली.
ऐरोलीच्या पुलावरून रोज खाडी ओलांडणाऱ्याला
हे नव्याने शिकवावं लागत नाही;
फक्त इथली ओहोटी दर बारा मिनिटांनी.
आठ तास, चाळीस फेऱ्या.
मला डुलकी लागते म्हणून
भांडी धुणारी शेवंता केणी मोजते,
भिंतीवर खडूने, चार उभ्या, एक आडवी.

तिसरी नुसती भिजत घालायची.
बूच, अंधारं कपाट, चोवीस तास,
मधूनमधून एक हिसका.
तिच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही.

शुक्रवारी पाणी बंद होतं.
मेसेज आला होता, कोणी वाचला नव्हता.
तेविसाव्या फेरीला नळी तापली,
वाफ निवायची विसरली,
आणि खालचे खोकेवाले वास वास ओरडत वर आले.
शेवंताने मेन पाडला. मी खिडक्या उघडल्या.
कुलूप लावून सगळे घरी गेलो,
आणि कपाटातली बाटली
कोणालाच आठवली नाही.

सोमवारी परीक्षा.
द्रावण जांभळं, वांग्याच्या सालीसारखं.
थेंब पडला की पिवळं व्हायचं,
जितकं पिवळं तितका अर्क खरा.
काढा कांद्याच्या सालीवर अडला.
तेवीस फेऱ्यांचा सॉक्स्लेट
वजनाला सगळ्यांत भारी,
रंगाला अर्ध्यात बसला.
आणि विसरलेल्या बाटलीचा थेंब
मी अजून घड्याळ बघतोय तोवर
लिंबासारखा लख्ख.

धावत गेलो.
चिटणीस मॅडमनी चष्मा काढून पुसला.
म्हणाल्या, बहात्तर तास आपल्या पद्धतीत नाहीत.
सॉक्स्लेट अर्धवट.
ही तुलना नव्हे, अपघात आहे.
पुन्हा करा, प्रत्येकी तीनदा.

बरोबरच होतं त्यांचं.

बायजीला फोन केला.
म्हणाली, झडली की सगळी,
आता पुढच्या साली.

तक्ता क्रमांक चार संगणकावर उघडा आहे,
तीन आडव्या ओळी, एक मोकळा रकाना,
आणि एका आकड्यापुढे चांदणी,
तळटीप लिहायची राहिलेली.

मोरीत शेवंता ती बाटली घासतेय.
बुडाशी लाल कड बसलीय, ब्रशला दाद देत नाही.
मी म्हटलं, थोडं मिथेनॉल देऊ? गरम करून?
ती म्हणाली, कशाला उगाच.
बाटली नळाखाली भरली, बूच लावलं,
कोपऱ्यात सरकवली.

राहू दे रात्रभर. सकाळी निघतंय.