दोन सात

कंत्राटदारानं आकड्यांचा एकच संच दिला,
शून्य ते नऊ, पत्र्याचे, इंग्रजी.
विजेचा फलक तिसऱ्याच दिवशी जळाला होता,
म्हणून मी, मुकुंद शितोळे, शिपाई, रस्ते विभाग,
निवृत्तीला चौदा महिने,
रोज पहाटे शिडी घेऊन काला घोडा सर्कलला.
वर लिहिलेलं: जागतिक कनिष्ठ जलतरण स्पर्धा.
खाली दोन आकड्या, उरलेल्या दिवसांसाठी.

नव्व्याण्णवला सहा उलटा टांगला.
फोटो चांगला आला.

अठ्ठ्याऐंशीला अडलो.
दुसरा आठ कुठून आणू?
एकोणनव्वदच ठेवला आणखी एक दिवस.
शहराला एक दिवस फुकट मिळाला,
दुसऱ्या पहाटे मी तो परत घेतला.
कुणी वापरलाच नव्हता.

तिकडे समाला तलाव खणत होते,
आंतरराष्ट्रीय मापाचा, पन्नास मीटर.
फरशा मोरबीहून निघाल्यात, असं तीन आठवडे चाललेलं.
पाणी मात्र वेळेआधी आलं,
खालून, आपणहून,
आणि पाण्यामागोमाग विश्वामित्रीतून मगर.
‘पहिली स्पर्धक,’ म्हणाले गुप्तेसाहेब
आणि एकटेच हसले.
परदेशी पाहणी समितीनं तिचे खूप फोटो काढले,
वहीत थोडंसंच लिहिलं.

नदीकाठची वस्ती पाडली तेव्हा त्र्याऐंशी होता.
पाहुण्यांची बस त्या पुलावरून जाणार होती.
मला ट्रॅक्टरवर पाठवलं, मोजायला:
दारं किती, पत्रे किती, पावती कुणाकडे.
ढिगात एक निळी पाटी दिसली. घर नंबर ७.
गुजराती सात, आपल्या साताचा सख्खा भाऊ.
शर्टाला पुसली, पिशवीत टाकली.
सहा दिवसांनी लागणार होती.

7७
एक मोठा, एक लहान,
लांबून बाप-लेक रस्ता ओलांडताहेत असं वाटे.
आयुक्तांची गाडी खालून गेली. कुणी काही म्हटलं नाही.
मग एक बाई थांबली, डोक्यावर दातणांचा भारा.
सिग्नल तीनदा हिरवा झाला.
‘आ तो मारो सात छे,’ म्हणाली.
मला नाही. स्वतःलाच.
दुसऱ्या दिवशी शहात्तर.
तिचा सात माझ्या पिशवीत.
ती पुन्हा येऊन उभी राहिली. तिनं विचारलं नाही,
मी दाखवला नाही.

पंचावन्नला, चव्वेचाळीसला पुठ्ठा कापून भागवलं.
पुठ्ठा आधी का सुचला नाही
ते मला विचारू नका.

एकेचाळीसला पत्र आलं.
स्पर्धा दुसऱ्या शहरात. तिथं म्हणे पाणी तयार आहे.
दुभाजकावरच्या कुंड्या नर्सरीवाल्यानं रातोरात परत नेल्या,
बिल अडलं होतं.
वस्तीच्या जागेपुढचं हिरवं कापड राहिलं,
त्याच्यामागं झाकायला आता काही नव्हतं.
मी विचारलं, ‘साहेब, फलकाचं काय?’
गुप्तेसाहेबांनी फाइल उघडून पाहिली.
‘बदलत राहा. आदेश शून्यापर्यंतचा आहे.’

चाळीस.
एकोणचाळीस.
खालून आता रिक्षावालेसुद्धा वर बघत नसत.
मी बदलत राहिलो. सवय म्हणा, पगार म्हणा.

अकराच्या पहाटे ती शिडीपाशी आली.
नाव विचारलं. जीवीबेन.
मी खाली उतरून पाटी दिली.
तिनं ती पदरानं पुसली,
माझ्या हातांची धूळ असावी.
एका भोकात अजून तिच्या दाराचा खिळा होता,
वाकलेला, तो तिनं बोटानं सरळ करून पाहिला.
‘आणि दार?’ मी विचारून बसलो.
तिनं भाऱ्यातून एक दातण काढलं, माझ्या हातात ठेवलं.
मी खिसा चाचपेपर्यंत ती रस्ता ओलांडून गेलीही.

अकरा लावायचा होता.
पुठ्ठा घरी राहिलेला, आणि माझ्याकडे एकच एक.
दुसऱ्या आकडीला दातण सुतळीनं बांधलं.
सरळ होतं, कडुलिंबाचं, ओलं.
खालून पाहिलं.
अकराच वाटत होता.