सेल्फ मारायला कोणीतरी

नोव्हेंबर. चेस्टनट पोत्यांत भरून झाले,
डुकराचं मरण अजून महिनाभर लांब,
सबब काही उरली नाही.
तेव्हा शेडमध्ये पुढची चाकं काढली,
प्यूजो ग्रॅनाइटच्या दोन ठोकळ्यांवर चढवली.
चारशे पाच, डिझेल.
लेकीहून दोन वर्षांनी मोठी.

हिनं सगळी दुखणी अंगावर काढली.
ऑइल डांबराला लाजवणारं,
एअर फिल्टरमध्ये उंदरीचं बाळंतपण झालेलं,
चारातले दोन ग्लो प्लग मेलेले.
सकाळी खोकायची, पांढरा धूर ओकायची,
आणि मी बायकोला म्हणायचो, गरम होऊ दे.
गरम होऊ दे, गरम होऊ दे,
असे अकरा हिवाळे ढकलले.

भय टायमिंग बेल्टचं.
तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात,
मग गाडी भंगारवाल्या सिल्वेरियोची.
वहीत शेवटची नोंद एक लाख ऐंशी हजारांची.
मीटर दोन लाख ब्याण्णववर.

कव्हरचे बोल्ट दहाच्या पान्ह्यानं सोडवले.
शेवटचा गंजलेला.
रात्रभर तेल पाजलं, हलला नाही,
सकाळी शिव्या घातल्या, सुटला.

आत बेल्ट. दात शाबूत.
बोटांनी पिळला, पाव वळसा, हवा तेवढाच.
आणि कव्हरच्या आतल्या अंगाला
पांढऱ्या रंगात, बारीक ब्रशनं,
तारीख, किलोमीटर,
आणि दोन्हींत तो लांब शेंडीचा एक.
असा एक आमच्या गावात
एकच माणूस काढायचा.

बेल्मीरो.

त्या ऑगस्टात क्लेरमाँहून आला होता,
गाडी दहा दिवस नेली.
परत आणली तर डाव्या दाराला पोचा
आणि टाकीत थेंब नाही.
मी पोच्याबद्दल बोललो. टाकीबद्दल बोललो.
अंगणात, त्याच्या सासऱ्यादेखत.
तो गप्प. नखांत काळं साचलेलं.
ते मी बघितलं होतं. बघितलं आणि वाटलं,
साधे हात धुणं जमत नाही याला.
नऊ वर्षं.

रबराला वय असतं, बेल्ट बदलायलाच हवा.
पुल्या जागच्या जागी अडकवायला
आठचे तीन बोल्ट लागतात.
ते शोधताना बॅटरीमागे हात गेला,
चिंधी लागली, सैल सुटलेली,
तिच्यात तीन बोल्ट. आठचे.
पुढच्या माणसासाठी ठेवलेले.
नऊ वर्षं हे खडखडत होते
आणि मी सांगत फिरत होतो,
बेल्मीरोनं पोचा पाडला, तेव्हापासून दार वाजतं.

दुपारी नवा बेल्ट बसला.
डिझेल फिल्टर बदलला आणि गाडीनं एअर धरली.
रबरी फुगा दाबून दाबून अंगठा सुजला.
अशा वेळी दोघं लागतात,
एकानं सेल्फ मारायचा,
दुसऱ्यानं इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढायची.
बायको बाजाराला, लेक पोर्तोला.
शेजारच्या झुल्मिराबाईंना बोलावलं.
वय एक्क्याऐंशी, पण ट्रॅक्टर चालवतात.
त्या ॲप्रन सावरत बसल्या,
म्हणाल्या, सांग कधी ते.

मी सांगितलं नाही.
तेलकट बोटांनी नंबर लावला,
फोन मडगार्डवर ठेवला.
तिकडून "हं?"
म्हटलं, आदेरितो बोलतोय. गाडीनं एअर धरलीय.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला,
"टाकीत डिझेल घातलंस ना?"

झुल्मिराबाई हसल्या. मला हसता येईना.
"पंपाकडून दुसरा सोड," तो म्हणाला, "अर्धा आटा. जास्त नको."
सोडला. बाईंनी किल्ली फिरवली.
आधी नुसता फेस, फुसफुस,
मग पान्ह्याखालून डिझेल आलं,
कोमट, मनगटापर्यंत,
गाईला पान्हा फुटावा तसं.
"आलं?" त्यानं विचारलं.
आलं, म्हटलं.

इंजिन एकदा खोकलं, दोनदा,
आणि धरलं.
फोन मडगार्डवर थरथरायला लागला,
घसरत घसरत कडेला आला.
मी पकडला, कानाला नाही लावला,
बोनेटखाली धरून उभा राहिलो.
ऐकू दे त्याला.