ज्याचा त्याचा पेला

गोइको आला की आधी दारात बूट आपटतो,
मग फळीवर दोन बोटं ठेवतो. बोलत नाही.
दोन बोटं म्हणजे आलुबुखाऱ्याची,
तुतीच्या पिंपात नऊ वर्षं पिवळी होत बसलेली.
अरुंद मानेच्या कुपीतूनच पितो.
पेल्यात ओतली की म्हणे
तिचं अर्धं बोलणं हवेत जातं.

डॉक्टरीणबाई वुकोसावा बिहीची घेतात.
बिही म्हणजे पेरूचा आंबट, केसाळ चुलतभाऊ;
कच्चा खाल्ला तर तोंड फिरवेल,
भट्टीतून गेला की सुगंधाने खोली भरून टाकेल.
बाई आधी नुसत्या हुंगतात, डोळे मिटून,
तान्ह्याची टाळू हुंगावी तशा.
प्यायचं नंतर. कधीकधी राहूनच जातं.

थंडी पडली की म्हातारा तिहोमिर
मला साखर जाळायला लावतो.
ती तांबूस झाली की वर दारू, पाणी, एक उकळी.
याला तो चहा म्हणतो.
तीन चहा झाले की त्याला युद्ध आठवत नाही.
चौथ्याला आठवतं.
म्हणून मी चौथा देत नाही,
शिव्या खाते.

ल्युबिशाचा मुलगा व्हिएन्नाहून आला
आणि त्याने बर्फ मागितला.
अख्खा गुत्ता गप्प.
मी दिला.
आठ वर्षं एकट्याने प्यायलाय पोरगा,
समोर कुणी नसेल
तर पेल्यात बर्फ तरी वाजू दे.

आणि मला काय आवडतं, हे कुणी विचारत नाही.
ऑक्टोबरात तांब्याचा हंडा चढतो,
कोलुबाऱ्याच्या काठाने धूर जमिनीलगत चालतो,
तेव्हा पहिल्या धारेची मी बाजूला काढते.
ती प्यायची नसते, आंधळी असते ती.
रात्री गुडघ्यांना चोळते.
माझे गुडघे या गावात सगळ्यात जास्त दारू प्यायलेत.

मिलिसाव नासपतीचा माणूस.
मे महिन्यात फुलं गळाली
की हरभऱ्याएवढ्या फळावर तो बाटली सरकवायचा,
सुतळीने फांदीला बांधायचा, तोंड खाली,
म्हणजे पाऊस आत साचत नाही.
लांबून वाटायचं झाडाला कंदील लागलेत.
पोरं दगड घेऊन यायची, तो त्यांना साखरेचे खडे द्यायचा.

यंदा जूनमध्ये गवत कापता कापता
तो बांधावर टेकला, विळा पुसला,
आणि उठलाच नाही.

झाडावर एकोणीस बाटल्या.
आतली फळं वाढत राहिली,
त्यांना कोण सांगणार.

ऑगस्टात स्तानिया माझ्याकडे आली,
काळा रुमाल, हातात कात्री.
कोणत्या दिवशी तोडायचं, तो कधी बोललाच नाही गं.
गोइको म्हणाला, फळ दोन्ही बाजूंनी काचेला टेकलं की.
तिहोमिर म्हणाला, पौर्णिमा होऊ दे.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, देठाला विचारा.
व्हिएन्नावाला शिडी घेऊन आला, न सांगता.

दोन बाटल्या फुटल्या. एकीत गांधीलमाशी निघाली.
सोळा भरल्या, मानेपर्यंत,
त्याच्याच गेल्या वर्षीच्या पिंपातून.
उरलेली एक उंच फांदीवर होती,
स्तानिया म्हणाली, ती राहू दे.

त्या संध्याकाळी आम्ही पेले भिडवले नाहीत.
गेलेल्यासाठी पिताना काच वाजवायची नसते.
आधी थोडी मातीवर सांडायची,
मग आपली.
बर्फ मागितला नाही कुणी.

आता एक बाटली माझ्या फळीवर आहे.
वाटसरू थांबतात, उजेडाकडे धरून बघतात,
एवढं मोठं फळ एवढ्याशा तोंडातून आत गेलं कसं?
मी पेले पुसत राहते.

गोइको येतो. बूट आपटतो.
फळीवर दोन बोटं ठेवतो,
मग जरा थांबून
तिसरं.