बिनपाण्याचं इंजिन

टेम्पोचं परमिट संपलं तेव्हा
बॉडी गेली किलोवर,
जालन्याच्याच भट्टीत, सळया व्हायला.
इंजिन मी ठेवून घेतलं.
अकरा वर्षं सीटखाली धडधडलेलं,
तराजूत टाकायला हात होईना, एवढंच.

भाचा म्हणाला, मामा, बग्गी करू.
मुंजाजी. पॉलिटेक्निक अर्धं, वेल्डिंग पुरं.
ज्या नळयोजनेला कधी पाणी आलं नाही
तिच्या पाइपांचा सांगाडा त्यानं
शेडमागं आधीच उभा केलेला.
चार चाकं, एक सीट, छत नाही.
हे कशाला लागतं रे?
कशालाच नाही, म्हणाला.

बजेट सात हजार.
त्यातले दोन बायकोला माहीत नाहीत.

सिलेंडरच्या फिन्स टूथब्रशनं कोरल्या.
ऑइलमध्ये मळलेलं सिमेंट निघालं,
त्याखाली मोसंबीचा वाळलेला रस,
त्याखाली देऊळगावराजाच्या रस्त्याची धूळ,
काळी, मग तांबडी, मग काळी.
जब्बारभाईनं बोअरमध्ये नख फिरवलं :
"इसकू किनारी आ गई, भाई. पचास का बोर मारना पडता."
अर्धा मिलिमीटर.
झिजलेलं बरं करायला
आणखी थोडं झिजवावं लागतं,
हे मला त्याच्या लेथपाशी उभं राहून कळलं.

पिस्टन नवा, रिंगा नव्या.
बाकी मोंढ्यामागचं भंगार :
ऑइल कूलर एका ठोकलेल्या मोटारसायकलचा,
पंख्याचं आवरण सरकी तेलाच्या डब्याचं,
गरम झालं की अजून भज्यांचा वास.

वॉल्व्ह घासायला बहीण बसली.
तळव्यांत काडी धरून, ताक घुसळल्यासारखी,
पुढं-मागं, पुढं-मागं,
पेस्टचा खर्रखर्र हळूहळू मऊ होत गेला.
वर डिझेल ओतून ठेवलं.
रात्रभर एक थेंब उतरला नाही.
गयाबाई म्हणाली,
आपल्या गच्चीवरल्या टाकीला असं बसवता येतं का?

आमच्या गल्लीत नळ येतो बाराव्या दिवशी.
रेडिएटर नसलेलं यंत्र
इथं शहाणंच म्हणायचं.
वाऱ्यावर भागवतं.
पण एप्रिलात तो वाराच त्रेचाळीस अंशांचा.
पहिल्या दिवशी दहा मिनिटांत धापलं,
हेडमधून करपल्याचा वास.
मुंजाजी गप्प. मी डबा खोलला.
डबा आणि फिन्स यांत बोटभर फट.
वारा सोपी वाट धरून बाहेर निसटत होता,
माझ्यासारखाच.
पत्र्याची पट्टी, सोळा रिबिटं, साठ रुपये.
मग अर्धा तास चाललं
आणि मी हेडवर थुंकी उडवून बघितली :
चुर्र झालं, पण सावकाश.

दुधनेच्या कोरड्या पात्रात नेलं पहाटे,
एका उसन्या छोट्या हत्तीत घालून.
गव्हर्नरचा स्क्रू,
ज्याला अकरा वर्षांत हात लावला नव्हता,
दीड आटा सोडला.
गयाबाईनं पदर खोचला,
मी वेल्डिंग रॉड आणून दिलेत, म्हणाली,
आणि पहिली तीच बसली.
वाळू उडाली. टिटव्या ओरडत उठल्या.
माझं इंजिन मी असं कधी ऐकलं नव्हतं.
सळया नाहीत, पोती नाहीत, चढाला शिवी नाही,
नुसता आवाज,
आणि तो पार पलीकडच्या काठावरून
परत येताना.

मग माझी पाळी.
जोरात आहे म्हणे, पोरगं सांगत होतं,
ब्रेक उशिरा मार, मामा.
पण पाय ऐकत नाही.
वळण दिसलं की अजून
मागं हौद्यात टनभर माल असल्यासारखा
मी लांबूनच दाबतो.

जब्बारभाईचे चारशे द्यायचेत.