एकोणसाठ

पाथर्डी फाट्याच्या आमच्या बालवाडीला
अंबडच्या एका कारखान्याने खोकं धाडलं.
प्लॅस्टिकच्या विटा, नग साठ.
मी नोंदवहीत लिहिलं, सही केली
आणि खोकं फरशीवर उपडं केलं.
असा आवाज झाला
की शेजारच्या गिरणीवाल्याने
पिठाळलेली मान बाहेर काढून पाहिलं.

त्याआधी आम्ही गणित म्हणायचो.
एक ते वीस, हाताची घडी, तोंड उघडं.
म्हणता म्हणता पोरांना वीट यायचा.
खरं सांगायचं तर मलाही.
आता विटा आल्या.

झायानने पहिल्याच दिवशी
सात विटा एकावर एक चढवल्या
आणि जाहीर केलं, "शंभर!"
मी बोट लावून मोजायला गेले तर म्हणाला,
"हात नका लावू बाई, पडेल शंभर."
पडलंच.
पडलेल्या शंभराचे पुन्हा सात झाले,
दोन कपाटाखाली गेल्यावर पाच.
वजाबाकी मी त्या दिवशी शिकवली नाही,
फक्त झाडूच्या दांडीने बाहेर काढली.

सुंदरी भोये नाताळानंतर आली.
बाप गवंडी, सुरगाण्याकडचा,
फाट्यापुढच्या सात मजली इमारतीवर.
राहायला तिथेच तळमजल्यात,
दाराला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या.
मोजता येत नव्हतं तिला,
म्हणजे तोंडाने.
किती, विचारलं की गप्प.
हात मात्र चालूच,
लांब वीट, लांब वीट,
आणि टोकाला फट उरली की
माझ्याकडे न बघता तळवा पुढे:
"अद्धा द्या."
मी खोक्यात चाचपत राहिले.
"दोन अद्धे म्हंजे एक," तिने मलाच समजावलं.
दुसरा थर तिने अद्ध्यापासून सुरू केला.
का गं?
"सांध्यावर सांधा आला का बाप थर उतरवतो."

पावकी-निमकी पुस्तकांतून कधीच गेली,
मला वाटलं होतं, मेली.

अठरानंतर सगळीच पोरं अडखळतात.
आपली भाषा तिथे भलतंच वळण घेते,
वीस अजून आलेले नसतात
आणि आपण त्यांचंच नाव घेऊन म्हणतो, एक उणा.
म्हणून मी वीस विटांची भिंत रचली,
मधली एक ओढून काढली
आणि विचारलं, आता?
झायान म्हणाला, "तुटली."
सुंदरीने भोकात बोट घातलं.
"हे एकोणीस."
मी तिला चूक म्हणणार होते.
मग म्हटलं नाही.

मार्चच्या मध्यावर एक वीट कमी भरली.
लाल, आखूड.
कपाटाखाली पाहिलं, गिरणीत विचारलं,
झायानने न सांगताच खिसे उलटे केले.
चार द्राक्षमणी, चेपलेले,
आणि मेणाच्या खडूचं टोक.
सुंदरी शांतपणे दाराकडे बोट दाखवत होती.
"सहाव्या मजल्यावं. खिडकीशी.
बापाला फट राह्यली व्हती."
तो हसला असेल आधी,
मग लेकीचं तोंड पाहून
थापीने दोन्ही अंगाला माल भरला असेल.
"आता पलस्तर झालं," ती म्हणाली,
म्हणजे विषय संपला.

पाडव्याआधी काम उरकलं,
गोण्यांचा पडदा निघाला.
कुणी म्हणालं मखमलाबादला गेले, कुणी सिन्नरला.
हजेरीपटावर तिच्या नावापुढे
मी बरेच दिवस रेघ मारली नाही.

आमच्या दारातून ती इमारत दिसते,
मागे पांडवलेण्यांचा डोंगर.
सहाव्या मजल्यावर माणसं राहायला आलीत,
खिडकीत टॉवेल वाळतात.
नवी पोरं एकोणीसवर अडली
की माझी नजर उगाच तिकडे जाते.

जूनमध्ये तपासणीला मॅडम आल्या.
खोकं मोजलं, पुन्हा मोजलं.
"साठ होत्या ना? या तर एकोणसाठ.
एक कुठे गेली?"
मी नोंदवही ओढून घेतली
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
एक वापरात.